तीनदा विचारायचं

सेरवाचा आवाज गेला हे कळलं तो मंगळवार होता. सेरवा स्वतः त्याच्या अकरा महिने आधीच गेली होती.

तिचा नवरा अद्दाई त्या सकाळी बंतामा भागातल्या रेडिओ केंद्रावर गेला होता, तिच्या कार्यक्रमाचे थोडे तुकडे मागून आणायला. वर्ष भरत आलं होतं. वर्षाच्या दिवशी मांडवात तिचाच आवाज लावायचा असं तिच्या थोरल्या बहिणीनं, पोकुआनं, ठरवलं होतं. पोकुआ केजेटिया बाजारात कापड विकायची. तिथे तिनं सकाळी एका बाईच्या कानात काही सांगितलं की दुपारपर्यंत अर्ध्या कुमासी शहराला ते कळायचं, आणि उरलेल्या अर्ध्याला आपल्याला उशिरा का कळलं म्हणून राग यायचा. आवाजाची गोष्ट तर तिनं कानात नाही, मोठ्यानं सांगितली होती.

सेरवा त्या केंद्रावर कित्येक वर्षं सकाळचा कार्यक्रम करायची. लोक फोन करून घरातली भांडणं सांगायचे आणि ती निवाडा द्यायची. निवाडा बहुतेक एकच असायचा, आधी जेवा, मग भांडा. उदाहरण हवं असलं की ती स्वतःच्या नवऱ्याचं द्यायची. अद्दाईला सूपमध्ये मीठ किती घालायचं ते कळत नाही, हे शहरातल्या टॅक्सीवाल्यांना त्याच्या आईच्या आधी कळलं होतं. अजूनही एखादा टॅक्सीवाला आरशातून त्याच्याकडे बघून विचारायचा, "मीठवाले साहेब तुम्हीच ना?" आणि मग एकदम गप्प व्हायचा.

केंद्रप्रमुख त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून उभे राहिले. वीज गेली होती, परत आली ती जोरात आली आणि कॉम्प्युटरातलं आवाजाचं कार्ड जळलं. सगळे कार्यक्रम आतल्या डिस्कवर धडधाकट होते. पण ते उघडणारा प्रोग्राम आधी त्या कार्डाला विचारायचा, तू तेच का? कार्डानं आपला क्रमांक सांगितला तरच तो कुलूप काढायचा. कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. म्हणजे आवाज होता, कुलूपही होतं, किल्लीचा कोळसा झाला होता.

"पण तुम्ही यातलेच ना," केंद्रप्रमुख आशेनं म्हणाले. "सेरवाताई नेहमी सांगायच्या, माझा नवरा यंत्रांशी बोलतो, म्हणून घरी आला की त्याच्याकडे शब्द उरत नाहीत."

अद्दाईनं डिस्क आणि जळकं कार्ड पिशवीत घातलं आणि तो ऑफिसात आला.

त्याचं ऑफिस अडुममध्ये एका शिंप्याच्या दुकानावर होतं. कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यामध्ये एक मध्यस्थ प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. असे ड्रायव्हर लिहिणं हे तिथलं काम. खरं यंत्र हाताशी नसलं की ते लोक यंत्राची नक्कलही बनवत. कॉम्प्युटरच्या आतच एक खोटं यंत्र बसवायचं आणि त्याला खऱ्यासारखी उत्तरं द्यायला शिकवायचं. समोरच्या टेबलावर सेलॉर्म बसायची. ती व्होल्टाकडची, एवे जमातीची; अद्दाई आणि कुमासीतले बहुतेक जण अशांती जमातीचे, त्यांना टोमणे मारायची एकही संधी ती सोडायची नाही.

तिनं जळकं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. क्रमांकाची चिठ्ठी कडेला चिकटून होती, ती वाचता येत होती. "मेला तो मेला," ती म्हणाली आणि मग जीभ चावली. "कार्डाबद्दल बोलतेय मी."

"कळलं."

"नक्कल कर त्याची. क्रमांक आपल्याकडे आहे. ड्रायव्हर जुना आहे तोच वापर. तुमच्या अशांती राज्यात कुणी मेलं तरी त्याची खुर्ची रिकामी ठेवत नाहीत ना? बसव दुसरं."

अद्दाईनं बसवलं. काम कागदावर सोपं होतं. अशा कार्डाला काही खिडक्या असतात. कॉम्प्युटरला त्या स्वतःच्या स्मरणातल्या कप्प्यांसारख्याच दिसतात, प्रत्येकीला पत्ता असतो, त्या पत्त्यावर वाचायचं किंवा लिहायचं. फरक एवढाच की कप्प्यात आपण ठेवलेलं सामान असतं आणि खिडकीमागे कुणीतरी बसलेलं असतं. कप्पा कितीदाही उघडा, तेच सामान मिळणार. खिडकीशी मात्र पहिल्यांदा विचारलं तर एक उत्तर, पुन्हा विचारलं तर दुसरं. या कार्डाच्या ओळखीच्या खिडकीला तीनदा विचारावं लागे. पहिल्यांदा ती म्हणे थांबा, दुसऱ्यांदाही थांबा, आणि तिसऱ्यांदा क्रमांक देई. जुन्या ड्रायव्हरमध्ये तसं लिहिलेलंच होतं, एकाखाली एक, तीन ओळी.

अद्दाईनं नकली कार्डाला हे शिकवलं, जुना ड्रायव्हर नव्या कॉम्प्युटरसाठी यंत्राच्या भाषेत उतरवून घेतला आणि प्रोग्राम सुरू केला. प्रोग्राम म्हणाला, कार्ड ओळखीचं नाही.

मग सुरू झालं ते संपेना. नकली कार्डाला कुणी काय विचारलं याची नोंद ते स्वतः ठेवत होतं, आणि नोंदीत दर वेळी एकच प्रश्न दिसे. ड्रायव्हर तीनदा विचारतोय आणि कार्डाला एकदाच ऐकू येतंय, म्हणजे कार्ड बहिरं आहे. कार्ड अद्दाईनं बनवलं होतं, तेव्हा चूक अद्दाईची. त्यानं कार्ड मोडलं, पुन्हा बनवलं. पुन्हा एकच प्रश्न. त्यानं खिडक्यांचे पत्ते तपासले, कार्डाचा कान आणखी तिखट केला, झोपेत असेल म्हणून त्याला सतत जागं ठेवलं. सेलॉर्म एकदा म्हणाली की ड्रायव्हरच नीट विचारत नसेल, जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं तर होत नाहीये ना? त्यानं तिला तीन ओळी दाखवल्या. "लिहिलंय की स्वच्छ. तीनदा." तिनं वाचलं, खरंच तीनदा लिहिलं होतं, आणि ती आपला चवळीभात खायला निघून गेली.

तो कार्डाशीच झटत राहिला. गेल्या वर्षभरात त्याला एक सवय लागली होती, कुठेही काही बिघडलं की आपलं काय चुकलं ते आधी शोधायचं. सेरवाच्या दवाखान्यातल्या दिवसांपासून लागली होती ती.

पोकुआ रोज फोन करायची. भोंगे ठरले, मांडव ठरला, काळं-पांढरं कापड सगळ्यांना वाटून झालं, आवाज कुठे आहे? अद्दाई म्हणायचा, होतंय. पोकुआ म्हणायची, भात होतोय असं तू सेरवालाही सांगायचास आणि तो करपायचा.

शेवटी रविवारी चर्चनंतर त्याला अप्राकू मामांकडे बोलावणं आलं. मामा म्हणजे सेरवाच्या आईचे भाऊ, घराण्याचे कर्ते. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे आणि ते शब्द सावकाश देत. अद्दाईची गाडी दुरुस्तीला होती म्हणून सेलॉर्मनं त्याला आपल्या गाडीतून नेलं, आणि नेलं म्हणून तीही आत येऊन बसली. आधी पाणी झालं. मग मामांनी काय अडलंय ते विचारलं आणि अद्दाईनं जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं.

मामांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे तुझा हा ड्रायव्हर आमच्या राजाच्या ओक्येआमेसारखा. राजाशी कुणी थेट बोलत नाही. ओक्येआमेला सांगायचं, तो राजाला सांगणार."

"अगदी तसंच, मामा."

"आणि खरा राजा गेलाय. त्याच्या जागी तू लाकडाचा बसवलास."

"हो."

"आणि तुझी तक्रार अशी की लाकडाचा राजा नीट ऐकत नाही." मामांनी डोळे उघडले. "जावईबापू, माझ्या पोरीनं तुझ्याबद्दल रेडिओवर जे सांगितलं ते कमीच सांगितलं."

सगळे हसले. अद्दाईही हसला. मग पोकुआनं आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली आणि एक धिप्पाड बाई बाहेर आली. तिचं नाव कोनादू, पोकुआच्या ओळीतच सुके मासे विकायची. बाजारात ती सगळ्यांच्या नकला करायची, पाद्रीबाबांची, नगरपालिकेच्या माणसांची, खुद्द पोकुआची. पोकुआ म्हणाली की मशीन उघडो न उघडो, मांडवात जमलेल्या लोकांना सेरवा ऐकू आलीच पाहिजे, मी शब्द दिलाय. कोनादू पडद्यामागे बसेल, भोंग्यातून बोलेल, कोण बघायला येतंय? निम्मे लोक तोवर जेवणाच्या रांगेत असतील.

"करून दाखव," ती कोनादूला म्हणाली.

कोनादूनं घसा साफ केला आणि म्हणाली, "अद्दाई, मीठ!"

अद्दाई उठून उभा राहिला. सूपचं भांडं कुठे आहे ते त्याची नजर शोधत होती. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खाली बसला. कोनादूलाच अवघडल्यासारखं झालं, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हळूच सॉरी म्हटलं, ते मात्र स्वतःच्या आवाजात.

मामांनी काठी जमिनीवर टेकली. आता रीतीनं विचारायचं होतं. "जावईबापू, या बाईला बसवायचं का?"

"तुम्ही म्हणाल तसं, मामा," अद्दाई म्हणाला.

मामांनी मान डोलावली. "जावईबापू, या बाईला बसवायचं का?"

"बसवा. लोकांचा हिरमोड नको."

पोकुआ उठायला लागली. मामांनी तिला हातानंच बसवलं. "जावईबापू, तिसऱ्यांदा विचारतोय. या बाईला बसवायचं का?"

अद्दाईनं कोनादूकडे पाहिलं. भली बाई होती. "नको," तो म्हणाला.

"का?"

"यांना सेरवा काय बोलायची ते सगळं माहीत आहे. मला कधीच माहीत नसायचं. ती पुढे काय बोलेल ते मला एकदाही ओळखता आलं नाही. म्हणून नको."

पोकुआचे डोळे भरून आले, तिनं त्याचं खापर पंख्यानं उडालेल्या धुळीवर फोडलं. मामा म्हणाले, झालं तर. आमच्यात लग्नात मुलाकडून आलेली दारू स्वीकारायची का हे मुलीला तीनदा विचारतात ते उगीच नाही. सेरवाच्या लग्नात पहिल्यांदा ती हो म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली विचार करते, आणि पाणी प्यायला आत निघून गेली, आणि हा इथे घामाघूम. पाहुणे घाबरले, मी घाबरलो. तिसऱ्यांदा येऊन हो म्हणाली. नंतर मी तिला विचारलं हा काय चावटपणा, तर म्हणाली, मामा, दुसऱ्यांदा तेच उत्तर द्यायचं तर दुसऱ्यांदा विचारलंत कशाला?

सेलॉर्म अद्दाईच्या कानाशी पुटपुटली, "मी असते तर पहिल्या उत्तरावरच उठले असते. तोच माणूस, तोच प्रश्न. एकदा विचारलं, तिन्ही ठिकाणी तेच लिहून टाकलं."

अद्दाईनं वळून तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहत राहिला की ती मागे सरकली.

"काय केलं मी?"

"पुन्हा बोल."

"एकदा विचारलं आणि तिन्ही ठिकाणी," सेलॉर्म म्हणाली आणि तिचा हात तोंडावर गेला. "अरे देवा. अद्दाई, हे आपण नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो."

दोष लाकडाच्या राजाचा नव्हता आणि ओक्येआमेचाही नव्हता. ड्रायव्हर माणसानं लिहिलेला असतो, तो यंत्राच्या भाषेत उतरवायला एक भाषांतर करणारा प्रोग्राम असतो. जुन्या काळचा भाषांतरकार मंद आणि आज्ञाधारक होता, तीन ओळी दिल्या की तीनदा विचारायचा. अद्दाईनं वापरला तो नवा, हुशार. त्यानं तीन ओळी पाहिल्या आणि विचार केला, एकाच कप्प्यात तीनदा बघायला सांगतायत, सामान तर तेच असणार, लिहिणारा म्हातारा विसरभोळा दिसतो. म्हणून तो एकदाच बघून आला आणि पहिलंच उत्तर तिन्ही ठिकाणी भरून मोकळा झाला. हा कप्पा नसून खिडकी आहे, मागे कुणी बसलेलं आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कार्डाला एकच प्रश्न ऐकू येत होता, कारण एकच विचारला जात होता. कार्डाचे कान पहिल्या दिवसापासून ठणठणीत होते.

अद्दाईला तिथून पळत सुटायचं होतं, पण मामांच्या घरून असं कुणाला पळता येत नाही. आधी कुटलेल्या कंदांचं फुफू आलं. पाम फळांचं सूप, त्यात खेकडा, आणि पोकुआ वाढायला उभी. मीठ पुरे आहे का ते तिनं त्यालाच विचारलं, सगळे पुन्हा हसले. मग मामांनी घराण्याच्या जमिनीचा एक जुना वाद सांगितला, तो सेलॉर्मनं नको तितक्या आवडीनं ऐकला आणि दोन प्रश्नही विचारले. अद्दाईनं टेबलाखालून तिला पाय मारला तो मामांना लागला. शेवटी त्यानं निरोप मागितला.

"अर्धी वाट देतो," मामा रीतीप्रमाणे म्हणाले. "उरलेली परत याल तेव्हा."

"अर्धीच वाट पुरेल का?" सेलॉर्मनं गाडीत बसताना विचारलं. अद्दाई म्हणाला, गाडी काढ.

काम अवघड नव्हतं, कंटाळवाणं होतं. ड्रायव्हरमध्ये जिथे जिथे खिडकीला कप्पा समजून सरळ वाचलं होतं, तिथे तिथे बदल करायचा होता. प्रत्येक ठिकाणी भाषांतरकाराला स्पष्ट बजावायचं की हे सामान उचलणं नव्हे, हे विचारणं आहे, जितक्या वेळा लिहिलंय तितक्या वेळा विचार, क्रम बदलू नकोस, शहाणपणा करू नकोस. सेलॉर्म ओळखीच्या खिडकीपासून सुरू झाली, अद्दाई आवाजाच्या खिडक्यांपासून. ती मध्ये मध्ये भाषांतरकाराला एवेमध्ये काहीतरी म्हणत होती, त्याचा अर्थ अद्दाईनं विचारला नाही. हा कुणाचा शिकलेला भाचा असावा, असं ती म्हणाली, मामाचं बोलणं अर्ध्यात तोडून मला कळलं म्हणणारा, आणि तुमच्यात तर वारसाही भाच्यालाच मिळतो.

मांडव शनिवारी होता; शुक्रवारी दुपारी, खाली शिंप्याचं मशीन चालू असताना, नकली कार्डाच्या नोंदीत तीन प्रश्न दिसले. थांबा. थांबा. क्रमांक. प्रोग्रामनं कुलूप काढलं आणि पडद्यावर कार्यक्रमांची यादी आली, संपेना इतकी लांब.

"कुठला लावू?" सेलॉर्मनं विचारलं.

"कुठलाही."

तिनं मधलाच एक लावला. आधी केंद्राची धून, मग सेरवाचा खोकला, ती सुरुवातीला नेहमी खोकायची. मग ती म्हणाली की आज एका बाईनं विचारलंय, नवरा आठवडाभर बोलत नाही, काय करू? "बाई," सेरवा म्हणाली, "माझा नवरा तर वर्षानुवर्षं बोललेला नाही. पण काल मी आजारी पडले तर त्यानं सूप केलं. तोंडात घेतलं आणि मला कळलं, या माणसाचं माझ्यावर इतकं प्रेम आहे की मीठ त्यानं प्रत्येक वेळी आठवण आली तसं घातलंय. मी प्यायले सगळं. तुम्हीही प्या."

तो दिवस अद्दाईला आठवत होता. ती वाटी रिकामी करून झोपली होती. चांगलं होतं म्हणाली होती. हे ती दुसऱ्या दिवशी रेडिओवर बोलली होती हे मात्र त्याला माहीत नव्हतं, कारण त्या वेळेला तो नेहमी ऑफिसात असायचा. त्यानं आवाज बंद केला, मग परत चालू केला.

सेलॉर्म खिडकीबाहेर बघत बसली होती. "फुकट गेला माझा आठवडा," ती म्हणाली. "हे तर टॅक्सीवाल्यानं सांगितलं असतं तुला."

शनिवारी मांडवात तो तुकडा भोंग्यांतून लागला. जेवणाची रांग मोडली आणि लोक ताटं घेऊन भोंग्यांकडे आले. कोनादू सर्वांत मोठ्यानं हसत होती. पोकुआनं तो पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा, आणि मामा म्हणाले, लावा, तीनदा रीतच आहे. अद्दाईकडे बघून अख्खा मांडव हसला. तिन्ही वेळा ती तेच बोलली. अद्दाई खुर्चीवर बसून तिन्ही वेळा नीट ऐकत राहिला.

सोमवारी केंद्रप्रमुखांचा फोन आला. जुने कार्यक्रम उघडतायत, आभार, पण नवीन कार्यक्रम त्यात भरायला गेलं की प्रोग्राम अडतो. अद्दाईनं त्यांना खरं ते सांगितलं. खिडक्यांमधून वाचायचा भाग दुरुस्त झाला आहे. खिडक्यांमध्ये लिहायचा भाग अजून जुनाच आहे, तिथेही तीच चूक आहे, आणि त्याला त्यानं अद्याप हात लावलेला नाही.